पॅकिंग बदललं तरी ऑइल गळतंय? मग तपास असा करा

बाइकच्या इंजिनाखाली ऑइल दिसलं की गॅरेजमध्ये पहिलं उत्तर मिळतं, "पॅकिंग गेलंय." बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण नवं पॅकिंग टाकून पंधरा दिवसांत पुन्हा ओलं झालं, किंवा उभ्या गाडीखाली एक थेंब नाही आणि फिरवून आणली की बुटावर ऑइल, किंवा ऑइल चक्क वायरी जोडणाऱ्या कप्लरमधून येतंय, असं काही असेल तर पार्ट बदलत बसू नका. आधी तपास करा. तो घरी, अंगणात किंवा पार्किंगमध्ये जमतो आणि त्याला महागडी हत्यारं लागत नाहीत.

इथं प्रामुख्यानं आपल्याकडच्या १०० ते १५० सीसीच्या, एअर-कूल्ड, एका सिलिंडरच्या गाड्या डोळ्यासमोर आहेत. जुन्या कास्ट आयर्न बुलेटबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण तिचं तंत्रच निराळं.

तपासाचं सूत्र एकच: ऑइल जिथं दिसतं तिथं ते बहुतेक वेळा वाहत आलेलं असतं. चालत्या गाडीत वारा त्याला मागं ढकलतो, उभ्या गाडीत ते खाली उतरतं आणि ब्लॉकच्या फिन्समधून आडवंही सरकतं. त्यामुळं चेंबरच्या, म्हणजे क्रँक आणि गिअर असलेल्या खालच्या डब्याच्या, तळाशी लोंबणारा थेंब अगदी वरच्या टॅपेट कव्हरमधून आलेला असू शकतो. ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा कोणती, हे शोधायचं आहे.

थेंब कशाचा आहे?

पांढरा कागद थेंबाखाली धरा, बोटावर घेऊन चोळा, वास घ्या. इंजिन ऑइल मधाळ तपकिरी किंवा काळं असतं आणि बोटावर गुळगुळीत लागतं. चेनला लावलेलं ९० नंबरचं गिअर ऑइल जास्त घट्ट, चिकट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. चेनला सढळ हातानं ऑइल लावलं की ते छोट्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये साठतं आणि दोन दिवस टपकत राहतं. नवखे लोक याच्यासाठी इंजिन उघडायला निघतात.

इंजिनाचा फक्त पुढचा भाग ओला असेल तर फोर्कचे पाइप पाहा. फोर्कचं सील गेलं की ते ऑइल वाऱ्यानं थेट ब्लॉकवर येतं. हिरवा, निळा किंवा गुलाबी, गोडसर वासाचा थेंब म्हणजे कूलंट, लिक्विड-कूल्ड इंजिन थंड ठेवणारा द्रव. ब्रेक फ्लुइड पाण्यात विरघळतं आणि रंग उखडतं, त्यामुळं ते लगेच पुसून पाण्यानं धुवा.

लेव्हल पाहा, आणि कमीपेक्षा जास्त झालीय का ते पाहा

गळती म्हटलं की लोक ऑइल कमी झालं का एवढंच बघतात. विचित्र गळतीत ते वाढलेलं असण्याची शक्यता मोठी.

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसा आणि भोकात टेकवा. हिरो-होंडा घराण्याच्या बहुतेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून लेव्हल बघायची असते; फिरवून बसवली तर लेव्हल खोटी जास्त दिसते. पल्सरसारख्या गाडीला काचेची खिडकी आहे, तिथं गाडी सरळ उभी धरूनच पाहा. साइड स्टँडवर घेतलेली कुठलीही लेव्हल ग्राह्य धरू नका.

लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तर दोन कारणं संभवतात.

पहिलं साधं: ऑइल जास्त भरलंय. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, एक नेहमी ऑइल बदलताना भरायचा आणि दुसरा इंजिन पूर्ण खोलून कोरडं केल्यावरचा. नट काढून ऑइल कितीही निथळलं तरी थोडं आतच राहतं, म्हणून पहिला आकडा लहान असतो. बरेच जण मोठा आकडा पकडतात, किंवा ८००-९०० मिली लागणाऱ्या इंजिनात लिटरची बाटली रिकामी करतात. मग फिरणारा क्रँक त्या ऑइलचा फेस करतो, फेस ब्रीदर पाइपातून (चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टरच्या डब्यात जातो आणि डब्याच्या खालच्या नळीतून काळं काहीतरी टपकतं. इंजिनाचं एकही पॅकिंग गेलेलं नसतं. जादा ऑइल काढा, एअर फिल्टर बदला, डबा पुसा. काम संपलं.

दुसरं कारण गंभीर आहे: ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळपास गेला, पण रस्त्यावर कार्ब्युरेटरच्या गाड्या अजून भरपूर आहेत. टाकीतला गंज किंवा कचरा कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या नीडलखाली अडकतो, किंवा नीडलच्या टोकावर झिजून गोल चर पडतो. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा राहिला की रात्रभर पेट्रोल येतच राहतं. ओव्हरफ्लोची नळी मोकळी असेल तर ते बाहेर सांडतं आणि तुम्हाला कळतं. नळी बुजलेली असेल आणि इनटेक व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत गाडी उभी राहिली असेल, तर पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, लेव्हल चढते आणि कालपर्यंत घट्ट असलेल्या जागांतून ते बाहेर यायला लागतं. सील बदलून ही गळती कधीच थांबणार नाही.

डिपस्टिकचा वास घ्या. एक थेंब टिपकागदावर सोडा. पेट्रोल असेल तर काळ्या डागाभोवती फिकट कडं झपाट्यानं पसरतं. संशय पक्का वाटला तर इंजिन सुरू करू नका. पातळ ऑइलवर बेअरिंग आणि कॅम घासतात, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं असेल तर सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इग्निशन बंद ठेवून प्लग काढा, प्लगची कॅप दूर बांधा, आसपास विडी-सिगारेट, देवघरातली वात काही नको, मग हळू किक मारून सिलिंडर मोकळा करा. ऑइल काढून टाका. कार्ब्युरेटर उतरवून उलटा धरा म्हणजे फ्लोटच्या वजनानं नीडल बसेल, आणि पेट्रोलच्या नळीतून सिरिंजनं हवा द्या. हवा आरपार गेली तर नीडल बदला, ती जिथं बसते ती सीटही तपासा, टाकीचा फिल्टर साफ करा, ओव्हरफ्लोची नळी तारेनं मोकळी करा. त्यानंतरच नवं ऑइल. आणि गाडी उभी केली की कॉक बंद करायची सवय लावा.

धुणं, पावडर, पुठ्ठा

लेव्हल ठीक असेल तर आता जागा शोधायची. इंजिन पूर्ण थंड असताना डिझेल किंवा रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं सगळी घाण काढा, मग डिटर्जंटच्या पाण्यानं धुवा. फिन्सच्या सांदी, छोट्या स्प्रॉकेटचं कव्हर काढून आतला भाग, चेंबरचा तळ, काहीही सोडू नका. अर्धवट धुतलेल्या इंजिनावर केलेलं निदान चुकतंच. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप सील आणि कप्लरवर मारू नका, पाणी आत जातं. पूर्ण वाळू द्या. डिझेल उरलं तर तेच ऑइलसारखं दिसेल.

वाळल्यावर संशयित भागावर टाल्कम पावडर किंवा कुटलेला खडू ब्रशनं पातळ भुरभुरवा. रांगोळी वापरू नका. ती दगडाची भुकटी, सीलच्या ओठात शिरली तर शाफ्टला ओरखडे पाडते. एअर फिल्टरच्या तोंडाकडेही पावडर उडू देऊ नका.

आता तीन चाचण्या, प्रत्येक वेळी खाली कोरा पुठ्ठा आणि त्यावर चाकांच्या खुणा. आधी रात्रभर थंड गाडी. मग दहा मिनिटं उभ्या जागी इंजिन सुरू ठेवून. शेवटी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून. प्रत्येक चाचणीनंतर टॉर्चनं पावडर पाहा. ती जिथं पहिल्यांदा पिवळी-तपकिरी झाली, ती तुमची जागा. फिरवताना पावडर उडते, म्हणून तिसऱ्या चाचणीला ऑइलमध्ये टाकायचा अतिनील रंग बरा. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली तो अंधारात चमकतो. किती टाकायचा ते बाटलीवर लिहिलेलं असतं. इंजिन ऑइलसाठीचाच घ्या, एसीच्या गॅसचा नको.

या तिन्हींतून गळती कधी होते ते कळतं, आणि "कधी" हे "कुठं" इतकंच महत्त्वाचं आहे. रात्रभर उभ्या गाडीतही टपकत असेल तर जागा ऑइलच्या लेव्हलच्या खाली आहे: ड्रेन नट, चेंबरचा जोड, गिअर शाफ्टचं सील, न्यूट्रल स्विच. फक्त साइड स्टँडवर टपकत असेल तर डाव्या बाजूचं, थोडं वरचं काहीतरी. इंजिन चालू असतानाच येत असेल तर ऑइल पंपाच्या दाबाखालचा मार्ग किंवा हेडचा भाग. गरम झाल्यावरच येत असेल तर कडक झालेली ओ-रिंग किंवा अॅल्युमिनियमचा तडा, जो तापून उघडतो. आणि फक्त वेगात, लांब पल्ल्यावर, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून येत असेल तर बहुधा चेंबरमध्ये दाब साठतोय.

ब्रीदर: सगळ्यात दुर्लक्षित नळी

पिस्टन खाली येताना चेंबरमधली हवा दाबतो. ती जायला ब्रीदर असतो. नळी चेपली, आत चिखलासारखा गाळ बसला, किंवा गाडी महिनाभर उभी असताना कुंभारीण माशीनं उघड्या तोंडात मातीचं घरटं केलं, की तो दाब सगळ्यात कमकुवत सील शोधतो. तुम्ही ते सील बदलता, मग दाब पुढचं शोधतो. "एक झालं की दुसरं गळतं" ही तक्रार ऐकली की आधी ब्रीदरकडे हात घाला.

नळीचं एअर फिल्टरकडचं टोक काढा आणि इंजिन आयडलला ठेवून त्यावर बोट धरा. एका सिलिंडरच्या इंजिनात हलके ठोके जाणवले पाहिजेत. काहीच नाही म्हणजे नळी बुजलीय. सतत निळसर धूर आणि जोरात फुंकर येत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलाय. तिथं बाहेरची गळती हे लक्षण आहे, रोग आत आहे. कम्प्रेशन तपासून घ्या. डिपस्टिकच्या भोकातून कम्प्रेसरची हवा मारून गळती शोधायचा प्रयोग मात्र करू नका. ही सीलं इतक्या दाबासाठी नसतातच. चांगलं सीलही बाहेर येतं.

चकवणाऱ्या जागा

छोट्या स्प्रॉकेटमागं चार-पाच संशयित एकाच चिखलात लपलेले असतात: स्प्रॉकेटच्या शाफ्टचं सील, गिअर शाफ्टचं सील, न्यूट्रल स्विचची ओ-रिंग, काही गाड्यांत क्लच पुश रॉडचं सील, आणि शाफ्टवर कॉलर असेल तर त्या कॉलरच्या आतली छोटी ओ-रिंग. ही शेवटची जवळपास कोणी बदलत नाही. मोठं सील नवं, तरी ऑइल कॉलरच्या आतून शाफ्टवरून बाहेर. कॉलरवर नखानं चर लागतोय का तेही पाहा. चर असेल तर नव्या सीलचा ओठ पुन्हा त्याच खड्ड्यात बसतो आणि गळतो. कॉलर बदला. चेन फार ताणलेली असेल तर बेअरिंग आणि सील दोन्ही लवकर जातात. साध्या गाडीला सहसा २० ते ३० मिमी ढील लागते, नेमका आकडा चेनकव्हरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. या बाजूचं ऑइल मागच्या टायरवर उडतं, म्हणून टायर ओला असेल तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नका.

वायरमधून येणारं ऑइल खरंच वायरमधूनच येतं. ज्या गाड्यांत मॅग्नेट कॉइल (वीज तयार करणारी) ऑइलमध्ये असते, तिथं तांब्याच्या बारीक तारांच्या मधून ते दिव्याच्या वातीसारखं चढतं आणि वीतभर लांबच्या कप्लरमध्ये उतरतं. बाहेर रबरी ग्रोमेटजवळ सगळं कोरडं. कप्लर उघडून पाहा, पिना ओल्या असतील तर हेच. उपाय: वायर इंजिनाच्या बाहेर कापून घट्ट झाळ द्या, कारण भरीव झाळातून ऑइल पुढं जात नाही, आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. ज्या गाड्यांत मॅग्नेटची बाजू कोरडी असते, तिथं कव्हरमध्ये ऑइल सापडलं तर क्रँकचं सील.

हेडवरचे टोपीचे नट हा तिसरा चकवा. काही १०० सीसी इंजिनांत ऑइल हेडपर्यंत एका स्टडभोवतीच्या फटीतून चढतं. त्या नटाखाली तांब्याचा वॉशर असतो. हेड उघडणाऱ्यानं वॉशरांची अदलाबदल केली की ऑइल आट्यांतून वर येऊन फिन्सवर पसरतं, आणि दोष हेड गॅस्केटला जातो. तो स्टड कोणता, हे मॉडेलनुसार बदलतं. उघडतानाच फोटो काढा.

लिक्विड-कूल्ड गाडीत वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं आहे. आतली दोन सीलं, एक कूलंटचं आणि एक ऑइलचं, यांच्या मधोमध ते उघडतं. कूलंट आलं तर मेकॅनिकल सील गेलं, ऑइल आलं तर ऑइल सील. एम-सीलनं ते भोक बुजवलं तर दोन्ही द्रव आत मिसळतील. डिपस्टिकवर दुधाळ थर दिसला की लोक घाबरतात; पावसाळ्यात रोज दोन किलोमीटरच गाडी चालत असेल तर तो नुसता दमटपणा असतो आणि तासभर सलग चालवली की जातो. सगळं ऑइलच चहासारखं झालं असेल तर मात्र गाडी थांबवा.

जोड, सील, बोल्ट काहीच जवळ नाही आणि पावडरवर बारीक रेघ उमटली, तर तो केसासारखा तडा. चेन तुटून चेंबरवर आपटली असेल तर स्प्रॉकेटमागं तो हमखास शोधा. बाहेरून इपॉक्सी लावून काही काळ निघतो; पक्कं काम म्हणजे इंजिन रिकामं करून अॅल्युमिनियम वेल्डिंग.

बसवताना काय बिघडतं

गळतंय म्हणून आणखी आवळलं, ही सगळ्यात महाग चूक. कव्हरच्या ६ मिमी बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर पुरतात. १२ मिमीच्या ड्रेन नटला २५ ते ३०, आणि दर वेळी नवा वॉशर. आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप लावून काही होत नाही, नवे आटे बसवून घ्या.

बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो, पण कव्हर दबलेलंच नसतं. डोवेल पिना (कव्हर नेमक्या जागी धरणाऱ्या) परत बसल्या का ते मोजा. जुनं पॅकिंग पटाशीनं खरवडू नका, प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा. एक खोल ओरखडा म्हणजे नवी गळती. कागदी पॅकिंगवर सिलिकॉनचा थर देऊ नका, आत पिळून निघालेला तुकडा ऑइलच्या जाळीत अडकतो.

सीलवर आकडे छापलेले असतात: २०×३४×७ म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. ओठाला थोडं ग्रीस, शाफ्टच्या खाचांवर सेलोटेप, आणि सील ठोकताना त्याच्याच मापाचा सॉकेट किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा, म्हणजे ते तिरकं जात नाही.

जुनी बुलेट

युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतकामात) इंजिनाआधीच्या बुलेटमध्ये ऑइलची टाकी चेंबरच्याच ओतकामात असते आणि दोन पंप असतात, एक ऑइल पाठवणारा, एक परत आणणारा. गाडी काही आठवडे उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत क्रँकच्या खोलीत उतरतं. सकाळी डिपस्टिक कोरडी. नवखा माणूस अर्धा लिटर ओततो, किक मारतो, निळा धूर निघतो आणि ब्रीदरमधून ऑइल उसळतं. म्हणून बुलेटची लेव्हल इंजिन पाच-दहा मिनिटं चालवल्यावरच पाहायची. दर आठवड्याला असं होत असेल तर पंपाची झीज तपासा.

तिच्या ब्रीदरच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. ती हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. काढून फुंकून पाहा: इंजिनाच्या बाजूनं हवा गेली पाहिजे, उलट्या बाजूनं अडली पाहिजे. रबर कडक झालं असेल तर बदला. पॅकिंगवर खर्च करण्याआधी हे एवढं करा, पुष्कळ बुलेटींची गळती निम्म्यावर येते.

बाहेर थेंब नाही, धूर नाही, तरी टाकीतलं ऑइल कमी होतंय, असं असेल तर प्रायमरी चेनकेसचा (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या डब्याचा) लेव्हल स्क्रू उघडा. तिथून भराभर ऑइल वाहिलं आणि क्लच स्लिप होत असेल, तर क्रँकचं डाव्या बाजूचं सील गेलंय आणि इंजिनाचं ऑइल चेनकेसमध्ये साठतंय.

दुरुस्ती कुठल्याही गाडीची असो, त्यानंतर पुन्हा धुवा, पावडर लावा, त्याच तीन चाचण्या घ्या. ५० किलोमीटरनंतर लेव्हल पाहा, ५०० नंतर पुन्हा. जोडावर नुसती धूळ चिकटून काळी कड दिसत असेल, पण पुठ्ठा कोरडा आणि लेव्हल हललेली नसेल, तर तो पाझर आहे. त्यासाठी इंजिन उघडू नका. पुढच्या सर्व्हिसिंगला पुसा आणि पुन्हा पाहा.